खर्पुडीचा पत्ता

कुंड्यांत काहीच नव्हतं.

शेडनेटच्या सावलीत लोखंडी मांडण्या, त्यांवर ओळीनं कुंड्या, कुंड्यांत लालसर माती नि बारीक खडी, आणि प्रत्येक कुंडीत खुपसलेली एक पट्टी. पट्टीवर नाव, जागा, आकडा. हिरवं म्हणाल तर एका कोपऱ्यात आपण होऊन उगवलेली आंबुशी. एप्रिलचा दुसरा आठवडा, वळवाची वाट बघायचे दिवस, सकाळचे साडेनऊ आणि मानेवरून घामाच्या धारा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात मी हौसेनं कंदीलपुष्पं बघायला आलो होतो आणि माझ्यापुढं रांगेनं माती मांडून ठेवलेली होती.

चूक माझीच. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण पदवीनंतर सगळी नोकरी बँकेत गेली. तिथं झाडाचा संबंध टेबलावरच्या मनीप्लँटपुरता, आणि तोही पीककर्जाच्या फायलींनी झाकलेला.

"आत्ता काय बघनार सायेब, समदी झोपल्याती," माळीमामा म्हणाले.

"मग तुम्ही उन्हाळाभर काय करता?"

"काय न्हाई करायचं, ह्येच काम. पानी घातलं की कंद कुजला. नवीन पोरगं कामावर आलं की त्याचा पयला हात झारीकडंच जातो. त्याचा हात धरून बसायचं."

मला हे फार आवडलं. पगार घेऊन पाणी न घालणारा माळी मी आधी पाहिला नव्हता.

शेजाऱ्यांचा मुलगा तिथं पीएच.डी. करतो, त्याच्याच ओळखीनं मी आत शिरलो होतो. तो जरा ओशाळला. "काका, पावसाळ्यात यायला पाहिजे होतं तुम्ही." मी म्हटलं, असू दे, पट्ट्या वाचतो. आणि खरंच वाचत बसलो. सेरोपेजिया म्हणजे शास्त्रीय भाषेत कंदीलपुष्प. सेरोपेजिया लॉई. मुंबई इलाख्यातल्या लॉ नावाच्या सनदी अधिकाऱ्याच्या नावाची, हरिश्चंद्रगडाकडची. सेरोपेजिया महाबळेई. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रा. महाबळे यांच्या नावाची, जुन्नरच्या डोंगरांतली. सांतापाऊ, मॅक्कॅन, सह्याद्रिका. एकेका कुंडीत एकेक डोंगर आणि एकेक माणूस. फूल नाही, पान नाही, देठ नाही. उन्हाळ्यात या संग्रहात फक्त नावं असतात आणि मातीखाली बटाट्याएवढे, सुपारीएवढे कंद.

ज्यांना ही वनस्पती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर कंदाला कोंब फुटतो. काही जाती बोटभर उंचीच्या, सरळ उभ्या. बाकीच्या वेल, गवताला नाहीतर झुडपाला वेढे घालत चढणाऱ्या. श्रावण-भाद्रपदात फूल येतं. तळाशी फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकांशी एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे पाच खिडक्यांचा पिंजरा. म्हणून कंदील. 'कंदीलपुष्प' हे मात्र पुस्तकातलं नाव. आमच्याकडं गुराखी पोरं खर्पुडी म्हणायची, आणि त्यांना फुलाशी काही देणंघेणं नसायचं. काठीनं कंद उकरायचा, शर्टाला पुसायचा, खायचा. मीही खाल्लाय. पाणचट, किंचित गोडसर, जिभेवर माती. याच गोडीपायी रानडुकरं आणि साळिंदरंही त्याच्या मागावर असतात.

भारतात या कुळीच्या 50-60 प्रजाती आहेत, निम्म्याहून अधिक फक्त भारतातच सापडणाऱ्या, आणि त्यांतला मोठा वाटा सह्याद्रीचा. काही इतक्या तुटक की एखाद्या गडाचा एखादा उतार सोडला तर कुठंच नाहीत. विद्यापीठातल्या डॉ. एस. आर. यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालून त्या शोधल्या, कंदांपासून, बियांपासून, काचेच्या नळ्यांतल्या ऊतींपासून वाढवल्या. यादव सरांचं नाव नव्या वनस्पतींच्या यादीत किती ठिकाणी येतं ते मोजायला बसलं तर दुपार होईल. कॅम्प्टोरायझा ही आफ्रिकेतली समजली जाणारी कुळी. तिची एक जात आपल्याकडं असल्याचं त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 2003 साली दाखवून दिलं. कासला लोक ज्याच्या वाय अक्षरासारख्या तुऱ्याचे फोटो काढतात त्या वायतुऱ्याला शास्त्रीय नाव देणाऱ्यांतही ते होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं या बागेला 'लीड बोटॅनिकल गार्डन' म्हणून निवडलं ते काही गुलाबाच्या वाफ्यांसाठी नाही.

गुलाबावरून आठवलं. आपल्याकडं 'उद्यान' म्हटलं की सिमेंटची भूछत्रं, रंगवलेला हत्ती आणि फुलांत लिहिलेलं 'सुस्वागतम्' डोळ्यांपुढं येतं. झाडावर पाटी असलीच तर खिळ्यानं ठोकलेली, आणि तिच्यावर देणगीदाराचं नाव. झाडाचं नाव शोधायला पुन्हा वर बघावं लागतं. विद्यापीठाची बाग या हिशेबानं नापासच. 1962 साली विद्यापीठ झालं तेव्हा हा सगळा उघडा माळ होता, आता त्यावर झाडी आहे, मोर आहेत, सकाळी फिरायला येणारी अर्धी राजारामपुरी आहे. पण त्या फिरणाऱ्यांपैकी कुणी या मांडण्यांपाशी आलं तर एप्रिलात त्याला काय दाखवणार?

मी त्या पट्ट्यांपाशी एवढा का रेंगाळलो, त्याचं कारण जुनं आहे.

1991. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी हर्बेरियम करायचं, म्हणजे झाडं दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून आणायची. आम्ही एसटीनं पन्हाळ्याला गेलो आणि तिथून चालत मसाई पठारावर. पाऊस असा की पुढचा मुलगा दिसेना. तिथं गवतात मला खर्पुडी दिसली, दोन फुलं लागलेली. मी ती कंदासकट उपटली. सर म्हणाले होते, नमुना पूर्ण हवा, मुळापासून. त्या वयात आज्ञापालन सोयीचं असेल तिथं आपण फार काटेकोर असतो.

घरी आणून वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबली. लाकडी प्रेस कुणाकडं होता! गादीखाली घड्या, वर बाबा झोपायचे. तेही पुरेना म्हणून दिवसा आईचा पाटा ठेवायचो. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी. आई करवादायची, "त्या गवतापायी माझं वाटण थांबलंय." चौथ्या दिवशी मी कंटाळलो आणि कागद बदलणं सोडून दिलं.

परीक्षेच्या आधी सगळी शीटं तपासायला दिली. खर्पुडीच्या शीटवर मी नाव लिहिलं होतं नुसतं 'सेरोपेजिया स्पे.', म्हणजे जात ठाऊक नाही, ठिकाण 'पन्हाळा परिसर', आणि तारखेची जागा कोरी. सरांनी लाल पेनानं आडवी रेघ मारली. मी भांडलो. म्हटलं, सर, अख्ख्या वर्गात ही एकट्याकडं आहे. ते म्हणाले, "पन्हाळा परिसर म्हणजे कुठं? कधी? पत्ता नाही तो नमुना नाही. याला वैरण म्हणतात." वर्ग हसला. ते शीट मी परत घेतलं आणि परीक्षेला दिलंच नाही. वैरण हा शब्द मी पुढं किती वर्षं चघळला असेल, शपथेवर सांगता येणार नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत ते सापडलं. वर्तमानपत्राच्या घडीतच होतं, त्याच पावसाळ्यातल्या. माझ्या मनात आलं, चला, तारीख तरी मिळाली! कागद झाड तोडल्याच्या आसपासचाच असणार. पण मथळ्याचा तारखेकडचा कोपरा कसरीनं खाऊन टाकलेला. मग बातम्या वाचल्या. सिनेमांच्या जाहिराती, एक सोयरिकीची जाहिरात, आणि ठळक अक्षरांत राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी. ती बातमी आमच्याकडं दर पावसाळ्यात येते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी ते शीट घेऊन पुन्हा विद्यापीठात गेलो. या वेळी आधी बाग.

माळीमामांनी काही न बोलता हात पसरून दाखवलं. त्याच कुंड्या, पण ओळखू येईनात. प्रत्येक कुंडीत काठी, काठीवर वेल, वेलावर कंदील. हिरवट पांढरे, जांभळ्या ठिपक्यांचे, एकाच्या पाकळ्या सुतासारख्या लांब, एकाचा पिंजरा चांगला फुगीर. पाऊस नुकता थांबला होता आणि शेडनेटवरून थेंब गळत होते. नाक जवळ नेलं तर एका फुलाला काही वास नाही, दुसऱ्याला कसलासा आंबूस, शिळा. "माश्यांसाठी आहे तो," शेजाऱ्यांचं पोरगं म्हणालं, "आपल्यासाठी नाही."

मग त्यानं जी जात भरपूर येते तिचं एक फूल खुडलं, ब्लेडनं उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. नळीच्या आतल्या भिंतीवर केस होते, सगळे खाली टोकं करून. वासाला भुलून तिळापेक्षाही लहान माशी खिडकीतून आत येते आणि नळीतून खाली घसरते. वर यायला गेली की केसांची टोकं तिच्यावर रोखलेली. तळाच्या फुगीर खोलीत ती अडकते. तिथं पुंकेसर आणि कुक्षी यांचा एक छोटा मुकुट असतो. मध शोधताना परागांची जोडगोळी तिच्या तोंडाला चिमट्यासारखी अडकते. दुसऱ्या दिवशी केस मलूल होतात, फूल कलतं, दार उघडतं, आणि माशी ती पिवळी जोडगोळी घेऊन पुढच्या फुलात, पुढच्या कोठडीत. आमच्या चिरलेल्या फुलात एक माशी होतीच. ब्लेडच्या पात्यावर चढली, थांबली, पुढचे पाय एकमेकांवर घासले. भिंगातून तिच्या तोंडाशी दोन पिवळे ठिपके स्पष्ट दिसले. मग उडाली. कुठल्या कुंडीकडं गेली कुणास ठाऊक. वेगवेगळ्या डोंगरांवरच्या जाती इथं हातभर अंतरावर असल्यावर माशीला तरी काय कळणार, म्हणून बियाणं धरायचं तेव्हा झाडं झाकावी लागतात, पोरगं म्हणालं.

सेरोपेजिया या नावाची फोड मेण आणि झरा या दोन ग्रीक शब्दांची आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं 1753 साली ते दिलं, आणि ज्या जातीला त्यानं 'कँडेलाब्रम' म्हणजे झुंबर म्हटलं तिच्यामागं 'हॉर्टस मलबारिकस'मधलं चित्र होतं. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेड यानं मलबारच्या वनस्पतींचा केलेला हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात 12 खंडांत ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं प्रमाणपत्र आहे. कोंकणीत, नागरी लिपीत, 1675 सालचं. औषधींची माहिती आम्ही आमच्या ग्रंथांवरून आणि अनुभवावरून दिली, अशा आशयाचं. ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात कुणीतरी नागरी अक्षरं न समजता तांब्याच्या पत्र्यावर कोरत बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपण काय दिलं, कुठं दिलं, कधी दिलं, ते त्या तिघांनी सह्यांनिशी लिहून ठेवलं. सरांनी त्यांना पूर्ण गुण दिले असते.

हर्बेरियम वरच्या मजल्यावर. जगभरच्या यादीत त्याची ओळख 'एसयूके' या तीन अक्षरांची. दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास. पोलादी कपाटं, कपाटांत खण, खणांत कुळावार गठ्ठे, आणि प्रत्येक शीट साधारण 42 बाय 28 सेंटिमीटर. पूर्वी झाडं मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवून किडींपासून वाचवत, तो जहरी प्रकार. आता शीटं काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवतात. माझं बाड मी दाराबाहेरच ठेवलं होतं. माझ्या ट्रंकेतली कसर तिथं सोडण्याचं पाप नको.

पोरानं एक खण ओढला आणि एक शीट दाखवलं. उजव्या कोपऱ्यात छापील चिठ्ठी. नाव, कुळ, ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, त्याच्या वहीतला क्रमांक, आणि 'फुलं हिरवट, आतून जांभळी' अशी टीप, कारण वाळल्यावर रंग जातो. मग तो म्हणाला, "हाच नंबर खाली बघितला असेल तुम्ही. कुंडीच्या पट्टीवर." मी बघितला नव्हता. मी नावं आणि गावं वाचत बसलो होतो, आकडा सोडून दिला होता. बँकेत 28 वर्षं खाते क्रमांक तपासलेला माणूस! तोच आकडा कुंडीवर, तोच शीटवर, तोच एका बुटकुल्या बाटलीवर, जिच्यात त्या झाडाचं फूल स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेलं. कुंडी फुटेल, कंद कुजेल, पट्टीवरची शाई उडेल. मग आकड्यावरून इथं वर यायचं आणि कुठल्या डोंगरावर परत जायचं ते वाचायचं.

टेबलावर कुकचा 'फ्लोरा' होता, मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा, 1901 ते 1908 या वर्षांत निघालेला. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे. झाडं हा त्यांचा जोडधंदा म्हणायचा. पोरानं एका ओळीवर बोट ठेवलं. ठिकाणाचं नाव, पुढं गोळा करणाऱ्याचं आडनाव, आणि त्यापुढं उद्गारचिन्ह. मला वाटलं आनंद झाला म्हणून असेल. तर नाही. त्या चिन्हाचा अर्थ, हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी बघितलाय. जिथं चिन्ह नाही तिथं दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलंय. अख्ख्या ग्रंथात लेखकाचा आवाज म्हणाल तर तो एवढाच, पण मी ती पानं उद्गारचिन्हांसाठी उलटत राहिलो.

शेवटी माझं शीट टेबलावर आलं. पोरानं भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मला परीक्षेत बसल्यासारखं झालं.

"काका, फूल दुमडून दाबलं गेलंय. पिंजरा चपटा झाला की जात ओळखणं अवघड. म्हणून तर स्पिरिटमध्ये ठेवतात." मग, "कुठलं आहे?"

"मसाई पठार."

"मसाईवर कुठं?"

"देवळाच्या पलीकडं. म्हणजे, पाऊस फार होता."

"साल?"

"एक्क्याण्णव. बहुतेक ऑगस्ट."

"बहुतेक?"

मी त्याला राधानगरीच्या दरवाजांची बातमी दाखवली. तो हसला, पण सरांसारखा नाही. म्हणाला, ठेवून घेता येणार नाही, चुकीची नोंद एकदा कपाटात गेली की पन्नास वर्षांनी कुणीतरी तिच्यावर विसंबून डोंगर चढतं. मग मला बरं वाटावं म्हणून विशाळगडाची गोष्ट सांगितली. माणसांनी गजबजलेला गड, आणि तिथं कंदीलपुष्पाची एक जात कुणाच्या ध्यानीमनी नसताना उभी होती. 2023 साली ती नवी म्हणून जाहीर झाली, नाव सेरोपेजिया शिवरायिआना. "मसाईवर तुम्हाला काय दिसलं होतं कुणाला माहीत," तो म्हणाला. बरं वाटण्याऐवजी पोटात खड्डाच पडला. कारण मी तिथून ती कंदासकट आणली होती. फुलं दोन होती, झाड एकच.

25 ऑगस्टच्या रविवारी मी मसाईला गेलो. एकटाच. बायको म्हणाली, या वयात पावसात कशाला, मी म्हटलं, बँकेचं एक जुनं खातं जुळवायचंय. पठारावर आता गाड्या वरपर्यंत येतात, कणसं मिळतात, घोडा मिळतो. देवळाच्या पलीकडं गेलं की मात्र गवत आणि धुकं तसंच. मी दोन तास वाकून चाललो. 33 वर्षांपूर्वीची जागा सापडली असं मी म्हणणार नाही. एकसारख्या दगडांच्या दहा जागा होत्या. एका कपारीत तीन पानांची एक वेल गवताला वेढा घालून वर निघालेली दिसली. समोरासमोरची पानं, बारीक, तजेलदार. चुंबळीएवढ्या वर्तुळात तिच्याभोवती दुसरं तसलं काही नव्हतं. कळी नव्हती. मी गुडघ्यावर बसून फोनमध्ये ठिकाण टिपलं, फोटो काढले, आणि हात खिशात घालून उठलो.

घाट उतरताना रेंज आली तेव्हा पोराला सगळं पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर. "खर्पुडीच वाटते. जात फुलाशिवाय सांगता येणार नाही. गौरी गेल्या की परत जा. तारीख लिहून ठेवलीत ना?"

वही मांडीवरच होती, पानाचा कोपरा ओला झालेला. मसाई पठार, देवळाच्या पश्चिमेला, कातळाची दक्षिणेकडची कपार. 25 ऑगस्ट 2024, दुपारी सव्वाबारा. एक झाड, काढलं नाही. नावाच्या रकान्यात काही नाही. आणि शेवटी, आधी पेन्सिलनं आणि मग एसटीच्या हादऱ्यांतही शक्य तितक्या नीट शाईनं, एक उद्गारचिन्ह.